‘सत्तांतर’मधली सत्ता नेमकी कोणाची?

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’चा विषय निघाला की बहुतेक जण एका वाक्यात मोकळे होतात : गोष्ट वानरांची आहे, पण खरं तर ती माणसांच्या राजकारणाची आहे. पुस्तक १९८२चं, आणीबाणी संपून फार वर्षं झालेली नव्हती, त्यात नाव असं. त्यामुळे हा अर्थ लावणं सोपंही जातं. पण १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही छोटी कादंबरी रूपक बाजूला ठेवून, वानरांचीच गोष्ट म्हणून वाचली, तर ती जास्त मोठी वाटते. आणि तिची एक मर्यादाही तेव्हाच दिसते.

आधी मोठेपण. टोळीवर बाहेरचा नर चालून येतो, सत्ता हिसकावतो, पिल्लं मारली जातात. माडगूळकर इथे गळा काढत नाहीत की कुणाला खलनायक करत नाहीत. ही नुसती शैली नाही, निरीक्षणाची शिस्त आहे. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या धारवाडला हेच पाहिलं होतं. पुढे सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या पहाडावरची वानरं अभ्यासली आणि १९७७च्या पुस्तकात कारण मांडलं. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी सहसा पुन्हा माजावर येत नाही, आणि नव्या हुप्प्याकडे वेळ कमी असतो. अबूला एका नराचं राज्य सरासरी सव्वादोन वर्षांच्या आसपास टिकत होतं. काही अभ्यासक म्हणत, हा गर्दीमुळे आलेला बिघाड आहे. पण नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी १९९९मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसलं की मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

आता मर्यादा. कादंबरीचा कणा नरांच्या झुंजीचा आहे. माद्या आहेत, त्यांचं भयही आहे, पण गोष्ट पुढे सरकते ती नर हलले की. शीर्षक तेच सांगतं : नर बदलला, सत्ता बदलली.

खरंच बदलते का? नर मोठा होताना टोळीबाहेर पडतो किंवा हुसकावला जातो. मादी मात्र सहसा जन्मली त्याच टोळीत म्हातारी होते. कुठल्या उंबराला कधी फळ धरतं, पळस कधी फुलतो, उन्हाळ्यात पाणी कुठे उरतं, हे आई, मावशी, आजीच्या सोबतीने पिल्लू शिकतं. आमच्या धंद्याच्या भाषेत, अ‍ॅडमिन बदलतो, डेटाबेस तोच राहतो.

शिवाय माद्या गुमान सोसत नाहीत. अबूला काही गाभण माद्या माजावर आल्यासारखं वागून नव्या नराला चकवत होत्या. पिल्लं होण्याचं वय उलटलेल्या म्हाताऱ्या माद्या दुसरीच्या पिल्लासाठी हुप्प्याच्या अंगावर धावून जात होत्या. हे सगळं मध्यभागी ठेवलं, तर त्याच प्रसंगांतून दुसरीच कादंबरी निघेल.

हा वाद पुस्तकापुरता राहत नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघेसारख्या गावात छतावरचे टिन वाजले की कोण आलं ते विचारावं लागत नाही. हरभरा, तूर, संत्रा असलेल्या शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याला ‘निसर्गप्रेम शिका’ म्हणणं हा उर्मटपणा आहे. पण मग उपाय सुचतो तो असा : तो मोठा हुप्प्या तेवढा पकडून न्या, बाकीची आपोआप जातील. हे ‘सत्तांतर’सारखंच वाचन झालं, टोळी म्हणजे तिचा नर.

सुगियामांनी धारवाडला नेमका हाच प्रयोग केला. एका टोळीतला एकुलता मोठा नर काढून घेतला. टोळी उठून गेली नाही. दुसरा नर आला आणि पिल्लं मारली गेली. म्हणजे हुप्प्या नेऊन शेत वाचत नाही, पिल्लं मात्र जातात.

माद्यांच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न वेगळा विचारावा लागतो : त्यांच्या नकाशातली झाडं कुठे गेली? वानराच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात. त्यातले जिवाणू पानं आंबवून पचवतात. कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं हा त्यांचा संसार. वड, पिंपळ, उंबर तोडायचे आणि मंगळवारी, शनिवारी मारुतीच्या नावाने बिस्किटं खिलवायची, म्हणजे एका हाताने घर मोडून दुसऱ्या हाताने त्यांना वस्तीची सवय लावायची. वरून ते गोड, पिठाळ खाणं त्या पोटाला मानवतही नाही.

व्हिएतनामच्या कॅट बा बेटावर याच पानखाऊ कुळातली वानरं शंभरही उरलेली नाहीत, म्हणून जग त्यांची नोंद ठेवतं. आपलं वानर ‘कॉमन’, म्हणून त्याच्याकडे कुणी धड बघत नाही. माडगूळकरांनी बघितलं, चाळीसेक वर्षांपूर्वी, मराठीत. हे ऋण मोठं आहे. म्हणून ‘सत्तांतर’ वाचाच. फक्त झुंज सुरू झाली की पानावर जरा थांबा आणि त्या वेळी माद्या कुठे आहेत, काय खातायत, पिल्लू कुणाच्या कडेवर आहे, ते शोधा.