विहंगम दृष्टीचा त्याग आणि त्याची मर्यादा

हेलिकॉप्टरमधून टिपलेले युद्धाचे छायाचित्र म्हटले की विहंगम दृष्टी गृहीत धरली जाते. उंचीवरून भूप्रदेश नकाशासारखा भासतो, माणूस ठिपक्याएवढा होतो, आणि पाहणे व नेम धरणे यांतील अंतर पुसट होते. ब्रिटिश छायाचित्रकार लॅरी बरोज यांचा ‘वन राइड विथ यांकी पापा 13’ हा छायाचित्र-निबंध (‘लाइफ’, 16 एप्रिल 1965) या गृहीताला छेद देतो.

31 मार्च 1965 रोजी दा नांगहून निघालेली अमेरिकी मरीन हेलिकॉप्टरे दक्षिण व्हिएतनामी सैनिकांना रणभूमीवर उतरवीत होती. बरोज यांनी एक कॅमेरा दाराबाहेर बसवून आत वळविला. त्यामुळे मशीनगनमागचा 21 वर्षांचा क्रू-चीफ पाहणारा न राहता पाहण्याचा विषय झाला. निबंधाची घडण कथात्म आहे: उड्डाणापूर्वीचे हास्य, गोळीबार, पायाशी मरणारा वैमानिक आणि तळावर परतल्यावरचे रडणे. पराक्रमकथेचा अपेक्षित शेवट येथे उलटतो.

तथापि, करुणेचे हे केंद्रीकरणच वगळणुकीचेही कारण ठरते. ज्या झाडीतून गोळ्या येतात तेथील माणूस निबंधात नाही. सोबतचे व्हिएतनामी सैनिक उतरताच आख्यानाबाहेर जातात. क्रू-चीफमागोमाग कॅमेरा जमिनीवर येतो, पण तेथेही तो पाडल्या गेलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरच्या कॉकपिटातच डोकावतो. उंची सुटते, यंत्राची चौकट सुटत नाही.

ही मर्यादा छायाचित्रकाराच्या संवेदनेची नव्हे. 1968 मध्ये ‘लाइफ’मध्येच बरोज यांनी युद्धात पाय गमावलेल्या एका व्हिएतनामी मुलीचे जगणे चित्रित केले, त्यासाठी कॅमेऱ्याला तिच्याजवळ जमिनीवर थांबावे लागले. दोन्ही निबंधांतील भेद दृष्टिस्थानाचा आहे, सहानुभूतीच्या प्रमाणाचा नाही.

10 फेब्रुवारी 1971 रोजी लाओसवर हेलिकॉप्टर पाडले जाऊन बरोज तीन सहकारी छायाचित्रकारांसह मृत्यू पावले. या मृत्यूमुळे छायाचित्रांना साक्षीचे पावित्र्य लाभते आणि चिकित्सा संकोचते. परंतु पत्करलेली जोखीम दृश्याच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देते, त्याच्या पूर्णतेची नाही. लष्कराने दिलेल्या आसनावरून काय दिसू शकले नाही, हा प्रश्न समीक्षेला त्यानंतरही विचारावाच लागतो.