द्रावणातील धातुसंकुलांचे स्थैर्य आणि ‘लॉग के’चे आकडे : एक चिकित्सा

प्रास्ताविक

द्रावणातील धातुसंकुलाचे स्थैर्य ‘मोजले’ असे आपण सहजपणे म्हणतो. वस्तुतः ते थेट मोजता येत नाही. पीएचमितीच्या प्रयोगात प्रत्यक्ष मोजल्या जातात त्या दोनच गोष्टी : ब्युरेटमधून सोडलेल्या अल्कलीचे घनफळ आणि पीएच मीटरवरील वाचन. तेथून स्थिरता-स्थिरांकापर्यंतचा सारा प्रवास गणिताचा असतो. द्रावणात कोणकोणती संकुले आहेत हे आधी मानावे लागते. मगच त्यांचे स्थिरांक काढता येतात. म्हणजेच ‘लॉग के’चा आकडा हे निरीक्षण नसून अनुमान होय. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून या विषयावर गेल्या काही दशकांत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे लेखन हा भेद विसरून झालेले दिसते, म्हणून त्याची चिकित्सा येथे योजिली आहे.

पद्धती आणि तिची गृहीते

धातू-आयनाला लिगंड एकदम न जोडले जाता पायरीपायरीने जोडले जातात, हा विचार यानिक ब्येरुम यांनी १९४१ साली कोपनहेगन येथील आपल्या प्रबंधात अमोनियाच्या संकुलांच्या आधारे सविस्तर मांडला. प्रत्येक धातू-आयनामागे सरासरी किती लिगंड जोडले गेले आहेत, ही संख्या (प्रयोगशाळेच्या बोलीत ‘एन-बार’) त्यांच्या विवेचनाचा कणा आहे. १९४५ साली कॅल्व्हिन आणि विल्सन यांनी हीच रीत कीलेट संकुलांना लावली. पुढे प्रकाशसंश्लेषणावरील संशोधनासाठी १९६१ चे नोबेल मिळाले ते हेच मेल्विन कॅल्व्हिन. आयर्व्हिंग आणि रोसोटी यांनी १९५४ साली ही रीत मिश्र द्रावकांसाठी सोपी केली. आपल्याकडे रुजली ती त्यांची पद्धती.

तीन अनुमापने करावयाची : केवळ आम्लाचे, आम्ल व लिगंड यांचे, आणि आम्ल, लिगंड व धातू यांचे. धातू लिगंडवरील प्रोटॉनची जागा घेतो, सुटलेला प्रोटॉन अल्कली खातो आणि तिसरा वक्र दुसऱ्यापासून बाजूला सरकतो. एकाच वाचनाशी या वक्रांत जे आडवे अंतर पडते त्यावरून एन-बार मिळतो. यातील चातुर्य असे की तुलना एकाच वाचनाशी होत असल्याने, डायॉक्झेन-पाण्यात काचेचा इलेक्ट्रोड नेमके काय दाखवितो या प्रश्नावाचून एन-बारपुरते अडत नाही. महागडे उपकरण लागत नाही. एक बरा पीएच मीटर, नायट्रोजनचा प्रवाह आणि चिकाटी एवढे पुरते. ज्या महाविद्यालयांत वर्णपटमापकही धड चालत नव्हता तेथे या पद्धतीने संशोधनाचे दार उघडले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. एम.फिल.च्या मर्यादित काळात (ही पदवी २०२२ च्या नियमावलीने बंद झाली) पूर्ण होणारा विषय म्हणूनही तिला पसंती मिळाली.

परंतु या सूत्रांच्या व्युत्पत्तीत काही गोष्टी गृहीत आहेत. द्रावणात एकाच धातू-अणूची साधी संकुले आहेत. प्रोटॉन अथवा हायड्रॉक्सिल धारण करणारी वा बहुकेंद्री संकुले नाहीत. आणि प्रत्येक वाचनापूर्वी समतोल साधला गेला आहे. तांब्याच्या बाबतीत समतोलाची अट बहुधा पाळली जाते. त्रिसंयुजी क्रोमियमच्या बाबतीत मात्र लिगंडची देवाणघेवाण इतकी मंद असते की एका बैठकीत उरकलेल्या अनुमापनाला समतोलाचे अनुमापन म्हणणेच कठीण. त्रिसंयुजी लोहाचे जलविच्छेदन पीएच २ च्या आसपासच सुरू होते. या जलविच्छेदनातही अल्कली खर्च होते आणि ती बिनतक्रार एन-बारच्या खात्यात जमा होते. तरीही तांबे, निकेल, लोह आणि क्रोमियम एकाच तक्त्यात, एकाच सूत्राने, शेजारी शेजारी बसविलेले आढळतात. कित्येक लेखांत संकुल तयार झाल्याचा पुरावा म्हणून द्रावणाचा फिकट पिवळा रंग गडद झाल्याचे एक वाक्य असते. ते लेखागणिक जवळजवळ त्याच शब्दांत भेटते.

आकडे कसे निघतात

स्थिरांक काढण्याची सर्वांत लोकप्रिय रीत अर्ध-पूर्णांकाची. एन-बार ०.५ असताना लिगंडच्या मुक्त संहतीचा ऋण लॉग म्हणजे पहिला स्थिरांक, आणि १.५ असताना दुसरा. दोन्ही स्थिरांकांत अडीच लॉग-एककांचे अंतर असेल तर या रीतीने येणारी चूक ०.००४ इतकी क्षुल्लक असते. आता दुसरे टोक पाहू. दोन्ही जागा सर्वस्वी समान असतील तर केवळ संख्याशास्त्रीय कारणाने पहिला स्थिरांक दुसऱ्याच्या चौपट येतो, म्हणजे अंतर ०.६० असते. अशा वेळी अर्ध-पूर्णांकाची रीत पहिला आकडा ०.१८ ने वाढवून आणि दुसरा तेवढाच घटवून दाखविते. अंतर ०.९५ होते आणि चौपटीची नऊपट होते. हे कागदावर पाच मिनिटांत पडताळता येते. तरीही ही रीत वापरून पडलेल्या अंतराचा अर्थ लावण्यात परिच्छेद खर्ची पडतात.

याच संदर्भात १.७८ या आकड्याला आपल्याकडे जवळजवळ मंत्राचे स्थान मिळाले आहे. अंतर याहून कमी असेल तर दोन्ही संकुले एकाच वेळी तयार होतात, अधिक असेल तर क्रमाने, असे विधान केले जाते. निसर्गात असा उंबरठा नाही. अंतर नेमके १.७८ असताना आणि एन-बार एक असताना सुमारे ८० टक्के धातू एक-लिगंडी संकुलात असतो आणि उरलेला मुक्त धातू व द्वि-लिगंडी संकुल यांत निम्मा-निम्मा विभागलेला असतो. १.७९ ला या चित्रात फरक पडत नाही.

दशांशस्थळांची कथा याहून उद्बोधक आहे. पीएच वाचनातील ०.०२ ची अनिश्चितता म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीत सुमारे पाच टक्क्यांचा फरक. ‘लॉग के’चे चौथे दशांशस्थळ ०.०२ टक्क्यांइतक्या सूक्ष्म फरकाचा दावा करते. असे आकडे छापले जातात, त्यांपुढे अनिश्चितता लिहिलेली नसते, आणि तिसऱ्या-चौथ्या स्थळाच्या आधारे प्रतिस्थापित गटांच्या इलेक्ट्रॉन-परिणामांची मीमांसा केली जाते. शिवाय वजनाने ७० टक्के डायॉक्झेनमध्ये पाण्याचा आयनिक गुणाकार १४ वरून १८ च्या जवळ पोहोचतो. तेथे मिळालेले लिगंडचे पी-के हे त्या मीटरचे, त्या द्रावकाचे व्यवहारी आकडे असतात. जलीय द्रावणातील मूल्यांशी त्यांची तुलना करून निष्कर्ष काढणे गैर होय.

आकड्यांचा उपयोग

हा वाद केवळ तक्त्यांपुरता नाही. पाण्याची कठीणता मोजणारा प्रत्येक बी.एस्सी.चा विद्यार्थी पीएच १० चे बफर घालतो. का, हे थोड्यांनाच ठाऊक असते. कॅल्शियम-ईडीटीए संकुलाचा ‘लॉग के’ १०.७ आहे, पण तो पूर्णतः प्रोटॉनविरहित ईडीटीएसाठी. पीएच ७ ला असे रूप दहा हजारांत पाचच्या आसपास उरते आणि व्यवहारात लागू पडणारा स्थिरांक ७.४ वर घसरतो.

एमआरआय तपासणीत शिरेतून दिल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमच्या संकुलांत हाच मुद्दा रुग्णाच्या शरीरापर्यंत पोहोचतो. डीटीपीए-संकुलाचा ‘लॉग के’ २२ हून अधिक, तर गॅडोडायमाइडचा सुमारे १६.९. परंतु रक्ताच्या ७.४ या पीएचला दोहोंतील अंतर साडेपाचावरून सुमारे तीनवर येते. त्याहीपुढे, शरीरात खरे रक्षण होते ते विघटनाच्या मंद गतीने. वलयाकार डोटा-संकुल इतके सावकाश सुटते की त्याचा धातू शरीराबाहेर जाईपर्यंत बहुतांशी बांधलेलाच राहतो. ती गती कोणत्याही ‘लॉग के’त दिसत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांतील त्वचा व अवयव कठीण होण्याच्या विकाराचा या द्रव्यांशी असलेला संबंध २००६ मध्ये पुढे आला आणि २०१७ मध्ये युरोपात गॅडोडायमाइडचा वापर स्थगित करण्यात आला.

आता उपायाविषयी. सिलेन आणि मार्टेल यांच्या १९६४ च्या संग्रहात प्रसिद्ध झालेली मूल्ये संकलित केली होती. मार्टेल आणि स्मिथ यांनी १९७४ पासून निवडक मूल्यांचे खंड काढले आणि अपुऱ्या तपशिलाची मूल्ये बाजूला ठेवली. अनुमापनाचे सर्व बिंदू एकत्र घेऊन वेगवेगळी प्रतिमाने पडताळणाऱ्या सुपरक्वाडसारख्या संगणकीय आज्ञावल्या १९८५ पासून आहेत. याहून सोपी गोष्ट १९८७ च्या आययूपीएसीच्या शिफारशीत आहे. नवीन लिगंडला हात घालण्यापूर्वी निकेल-ग्लायसीन ही परिचित प्रणाली आपल्या उपकरणावर तपासावी. पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला आणि ०.१ आयनिक बलाला तिचे एकत्रित ‘लॉग बीटा’ ५.८, १०.६ आणि १४ च्या आसपास यावयास हवेत. ग्लायसीन स्वस्त आहे, निकेलचे क्षार प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात असतात, आणि कामाला एक दुपार पुरते. हे तीन आकडे आणि ब्युरेट व मीटरची मूळ वाचने लेखासोबत मागण्याचा अधिकार परीक्षकांना आहे. तो त्यांनी वापरावा.