स्वतःला गुण देणारी शाळा

'शाळासिद्धी'ला शिक्षक वैतागतात ते ऑनलाइन माहिती भरण्यामुळे. पण २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठाने आणलेला हा आराखडा शांतपणे वाचला, तर तो त्याच्या ख्यातीपेक्षा बराच शहाणा निघतो.

त्यात सात क्षेत्रे आणि ४६ गाभा मानके आहेत. प्रत्येक मानकात आपण तीनपैकी कोणत्या स्तरावर आहोत, हे शाळेने स्वतः ठरवायचे. संसाधनांना तर दोनदा जोखायचे: वस्तू पुरेशी आहे का, आणि ती वापरण्याजोगी आहे का. कुलूपबंद कपाटातले ग्रंथालय ज्याने पाहिले आहे, त्याला या दुसऱ्या प्रश्नाची किंमत कळेल. तोल मात्र थोडा ढळलेला आहे. संसाधनांना १२ मानके मिळाली आहेत, तर विद्यार्थ्यांच्या प्रगतीला फक्त पाच.

आराखड्याचा खरा जीव शेवटी आहे. कुठे सुधारणा हवी, तिचा अग्रक्रम कमी, मध्यम की उच्च, हे लिहून त्यावरून शाळेचा विकास आराखडा करायचा. म्हणजे 'आम्ही पहिल्या स्तरावर आहोत' ही कबुली म्हणजे नापास होणे नव्हे, ती कामाची सुरुवात आहे.

महाराष्ट्राने नेमकी हीच कबुली महाग केली. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने शिक्षकांची वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणी शाळेच्या 'अ' श्रेणीला जोडली. शिक्षक संघटनांनी विरोध केला, पुढे ती अट गेली. पण पगार अडकलेला असताना स्वतःला कमी गुण कोण देईल? असे गुण फुगले, तर दोष शिक्षकांच्या प्रामाणिकपणाचा नाही, रचनेचा आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर कोसळल्यावर आमच्याकडे 'पोस्टमॉर्टेम' लिहितात, आणि चांगल्या टीममध्ये त्याचा पहिला नियम असतो की यावरून कुणाचे अप्रेझल ठरणार नाही. हा नियम मोडला की अहवाल गुळगुळीत होतात आणि तोच बिघाड पुन्हा येतो.

शाळेलाही हेच लागू आहे. बाह्य मूल्यांकन करणाऱ्यांनी श्रेणी विचारण्याआधी गेल्या वर्षीचा विकास आराखडा उघडावा. त्यातले काय झाले, काय राहिले, आणि जे राहिले त्यासाठी शिक्षक किंवा निधी द्यायला कोण बांधील होते, हे विचारावे. तिथे उत्तर द्यायची पाळी शाळेइतकीच शासनाचीही येईल.