सोवळे आणि हातमोजे

करोनावरचे मराठी लेखन २०२० पासूनच्या दिवाळी अंकांतून मी बरेच वाचले. परिचारिका त्यात जागोजागी भेटते. कुठे देवदूत म्हणून, कुठे रणरागिणी म्हणून. तिचे हात मात्र क्वचितच दिसतात. ३ मे २०२० रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. आमची कविताही त्याच उंचीवरून खाली पाहत राहिली, असे मला वाटते. देवीला हातमोजे लागत नाहीत. एकदा देवी म्हटले, की मोजे कमी पडल्याचा हिशेब कोणी विचारीत नाही.

याहून खटकतो तो दुसरा सूर : आजीचे सोवळेच अखेर शास्त्रीय ठरले! घरातल्या गप्पांत हे ठीक. लेखकाने लिहावे याचे नवल वाटते. सोवळ्यातला माणूस स्पर्श टाळून स्वतःची शुद्धी राखतो, आणि कोणाचा स्पर्श टाळायचा हे पुष्कळदा जात ठरवते. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला स्पर्श टाळताच येत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या नळीतला कफ ओढून काढायचा, चार-पाच जणांनी मिळून त्याला पालथे करायचे, तोंड पुसायचे, हे तिचे काम. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हात स्वच्छ करण्याचे जे पाच प्रसंग सांगितले, त्यांतले पहिले दोन रुग्णाला शिवण्यापूर्वीचे आणि निर्जंतुक कामाआधीचे आहेत. म्हणजे संशय आधी स्वतःच्या हातावर. सोवळ्यात हा संशय कुठे आहे?

मोजे घातले म्हणजे झाले, असेही नाही. तेच मोजे एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले, तर जंतूही जातात. अमेरिकेतल्या रुग्णालयांत २०२० मध्ये, मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून होणारा रक्तसंसर्ग वाढल्याची नोंद आहे. खाटा भरलेल्या आणि माणसे अपुरी असली, की नेहमीची काळजी मागे पडते. पाळी संपल्यावर पोशाख उतरवणे हा तर सर्वांत जोखमीचा भाग, कारण बाहेरची बाजू दूषित. मास्क शेवटी, तोही खोलीबाहेर आल्यावर. मधूनमधून हात स्वच्छ करायचे. घामाने भिजलेल्या, तहानेने कासावीस झालेल्या बाईने हे सावकाश करायचे असते. यात नाट्य नाही असे कोण म्हणेल?

एमा डॉनह्यू या आयरिश लेखिकेची ‘द पुल ऑफ द स्टार्स’ ही इंग्रजी कादंबरी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने तिने ती लिहायला घेतली, आणि २०२० च्या जुलैत, ऐन करोनात, ती प्रसिद्ध झाली. डब्लिनमधले रुग्णालय, तापाने आजारी गरोदर बायकांसाठी तीन खाटांची लहानशी खोली, आणि अवघे तीन दिवस. अतिदक्षता विभाग तेव्हा कुठला! तरी परिचारिका ज्युलिया पॉवरचे धुणे, पुसणे, चादरी बदलणे लेखिका आपल्याला जवळून पाहायला लावते. मदतीला आलेली ब्रायडी म्हणते, मला हा ताप येऊन गेला आहे. माणसे अपुरी असलेल्या खोलीत तेवढा शब्द पुरतो. अखेर ती त्याच तापाने जाते. कादंबरीचा शेवटचा भाग मला घाईचा वाटला. प्रेम, मृत्यू, तान्हे मूल, सारे तीन दिवसांत कोंबले आहे. पण ब्रायडीच्या त्या एका वाक्यातली चूक लेखिकेने त्यागाच्या फुलांखाली झाकलेली नाही.

आपल्या सीमाभागातल्या वॉर्डात तर आणखी एक गाठ आहे. चेहरा झाकलेला, दिसतात ते फक्त डोळे. प्राणवायूच्या मास्कमधून रुग्ण ‘नीरु’ म्हणतो, तर कधी ‘पाणी’. आणि पेला तोंडाशी नेण्याआधी तिला मोजे बदलायचे असतात. अशी एखादी रात्र कोणा परिचारिकेने वहीत लिहून ठेवली असेल, मराठीत वा कन्नडात, तर पुढच्या अंकासाठी संपादकांनी ती जरूर मागवावी.