पडलेल्या भिंतींची घरपट्टी

2021 च्या जुलैतील महापुरात कोकणातल्या एका नदीकाठच्या शहरात माझ्या मावशीच्या घराच्या मागच्या तीन खोल्या पडल्या. पंचनामा झाला, त्यात त्या खोल्या पडल्याची नोंद आहे. पुढे घरपट्टीचे बिल आले. त्यात त्याच खोल्या धडधाकट उभ्या आहेत. हे दोन्ही कागद मी जपून ठेवले आहेत. सरकारी कागद ही देखील एक संहिता असते आणि तिची भाषा माणसाला काय समजते हे तपासणे समीक्षेचेच काम आहे, असे मला वाटते.

पूर ओसरला की निवेदनांतून, भाषणांतून आणि बातम्यांतून एक मागणी हमखास येते : घरपट्टी माफ करा. ‘माफी’ या शब्दातच खोट आहे. माफी चुकीला असते, किंवा खऱ्या देण्याला. जी खोली उरलीच नाही तिच्यावरचा कर हे मुळात देणेच नव्हे. ती आकारणीतली चूक आहे. चूक दुरुस्त करायची असते, माफ करायची नसते. पण ‘माफी’ म्हटले की देणारा दयाळू ठरतो आणि घेणारा याचक.

गंमत अशी की करआकारणीच्या भाषेत याचे उत्तर आधीच आहे. नगरपालिकांची घरपट्टी परंपरेने ‘वार्षिक भाडेमूल्या’वर बेतलेली असते. घर भाड्याने दिले तर वाजवीपणे किती भाडे येईल, हा तिचा पाया. घरात मालक स्वतः राहत असला तरी हे ‘तर’ सुटत नाही. मग तोच प्रश्न पडक्या खोल्यांना विचारावा : त्यांचे भाडे किती येईल? आकारणीवर हरकत घेण्याची सोय कायद्यात आहे. पण ती घ्यायची कोणी, तर चिखल उपसणाऱ्याने.

शेतीच्या बाबतीत आपली महसुली भाषा इतकी मुकी नाही. पीक बुडाले तर ते मोजायला पूर्वी आणेवारी होती, आज पैसेवारी आहे. ती 50 पैशांच्या खाली गेली की जमीन महसुलात सूट मिळण्याचा मार्ग खुला होतो. पेशवाईच्या दप्तरांत तर ‘इस्तावा’ भेटतो : ओसाड जमीन लागवडीला आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी थोडा आणि पुढे वर्षागणिक वाढत जाणारा सारा. मोडलेले पुन्हा उभे राहायला काळ लागतो, ही समज त्या एका शब्दात आहे. घराच्या वाट्याला मात्र ना पैसेवारी आली, ना इस्तावा.

कॅलिफोर्नियाच्या करसंहितेतील कलम 170 मला म्हणूनच वाचनीय वाटते. तिथे आपत्तीत मालमत्तेचे किमान 10,000 डॉलरचे नुकसान झाले की मालक 12 महिन्यांच्या आत अर्ज करून फेरमूल्यांकन मागू शकतो. घर पुन्हा बांधून होईपर्यंत कमी झालेल्या मूल्यावर कर लागतो. पूर्वीसारखेच घर बांधले तर नव्या बांधकामाच्या नावाने करवाढ होत नाही. भाषा दयेची नाही, मोजमापाची आहे. जमिनीवरचा कर मात्र चालूच राहतो. शिवाय अर्जाचे ओझे तिथेही प्रामुख्याने मालकावरच आहे. जानेवारी 2025 च्या वणव्यांत ज्यांची घरे जळाली, त्यांतल्या अनेकांना घराच्या राखेसमोर उभे राहून असले अर्ज समजून घ्यावे लागले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आपत्तीनंतरच नगरपालिकेला पैशाची गरज सर्वांत जास्त असते. गाळ काढायचा, नळ सुरू करायचे, रस्ते दुरुस्त करायचे. घरपट्टी कमी झाली तर हे कशातून करायचे? आक्षेप खरा आहे. पण त्याचा अर्थ इतकाच की ती तूट राज्याने भरून द्यावी. पडलेल्या खोलीच्या मालकाने ती भरावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

नवा कायदा नंतर येवो. तोवर पंचनाम्यातील नोंद अर्जाशिवाय करआकारणीच्या वहीत उतरावी, एवढे तरी व्हावे. नुकसान शासनाच्याच माणसाने मोजलेले असते, सही-शिक्क्यानिशी.

मावशीने ते बिल पूर्ण भरले. “शास्ती लागायच्या आत भरून टाक रे बाबा,” ती म्हणाली. पावतीवर आजही घराचे जुनेच क्षेत्रफळ आहे.