नाणेसंग्रहातील नवी भर : जोगळटेंभी निधीच्या संदर्भात

जुन्या नाण्यांच्या संग्रहात नवी भर घालताना संग्राहकाचा निकष बहुधा वैविध्याचा असतो. प्रत्येक प्रकारचे एक सुस्थितीतील नाणे मिळाले की उरलेली ‘दुबार’ ठरून अदलाबदलीत निघून जातात. इतिहासाच्या दृष्टीने हा निकष किती अपुरा आहे, हे जोगळटेंभीच्या निधीवरून स्पष्ट होते.

नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ मध्ये क्षहरात क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हे पुन्हा ठोकली होती : एका बाजूस पर्वत, दुसरीस उज्जैन चिन्ह. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख क्षहरातांच्या उच्छेदाचा उल्लेख करतो. नाणी त्याला स्वतंत्र दुजोरा देतात.

वैविध्यनिष्ठ संग्राहकाला यातील दोनच नाणी पुरली असती : एक मूळ, एक पुनर्मुद्रित. मात्र पुनर्मुद्रणाची व्याप्ती त्या दोहोंतून कळली नसती. नहपानाच्या मुखाकृतींतील वय व चेहरेपट्टीचा फरकही असंख्य ‘दुबार’ नाणी एकत्र पाहिल्यामुळेच अभ्यासकांच्या लक्षात आला.

१८७८ च्या निखात निधी अधिनियमाने दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले. तथापि कायदा निधीची वार्ता मिळवून देतो, अर्थ नव्हे. सापडल्याचे स्थळ, सोबतची नाणी व वजन यांच्या नोंदीविना झालेली भर संग्रह वाढविते, ज्ञान नव्हे.