उत्तर बरोबर, पण का?

अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करायचे तर नर्सिंगचे शिक्षण पुरे करून भागत नाही. 'एनक्लेक्स' ही परवाना परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. भारतात शिकून तिकडे जाणाऱ्यांनाही ती चुकत नाही. १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर होते. आधीची उत्तरे पाहून संगणक पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड, हे ठरवतो. सध्या प्रश्नांची संख्या कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० असते. तयारीसाठी परीक्षार्थी सरावप्रश्नांचे संच सोडवतात. या सरावातून ते नेमके काय शिकतात, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

अशा प्रश्नांच्या धर्तीवर आम्ही एक नमुना बनवला आहे. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेला वृद्ध रुग्ण दुसऱ्या दिवशी अचानक बेचैन होतो, असंबद्ध बोलू लागतो. परिचारिकेने सर्वप्रथम काय करावे? नातेवाइकांना धीर द्यावा, झोपेचे औषध द्यावे, डॉक्टरांना बोलवावे, की श्वसन व रक्तातील ऑक्सिजन तपासावा?

उत्तर शेवटचे. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला तरी माणूस असा वागू शकतो, आणि अशा शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो. झोपेच्या औषधाने श्वसन मंदावेल, शिवाय धोक्याची खूणही झाकली जाईल. डॉक्टरांना बोलवायचेच आहे, पण काय सांगायचे ते तपासल्यावरच कळेल.

शेकडो प्रश्न सोडवणाऱ्याच्या हाती मात्र अनेकदा एवढाच ठोकताळा उरतो : 'आधी तपासणी, मग कृती.' आता प्रश्न बदलू. रुग्णाच्या जखमेतून भळाभळा रक्त वाहत आहे. येथे रक्तदाब मोजत बसणे चूक. आधी जखम दाबून धरली पाहिजे. ठोकताळा फसला. 'जिवाला सर्वांत जवळचा धोका कोणता?' हा विचार मात्र दोन्हीकडे उपयोगी पडला.

परीक्षा घेणाऱ्यांनाही ही उणीव जाणवली असावी. एप्रिल २०२३ पासून परीक्षेत एकाच रुग्णाच्या हकिगतीवर सहा-सहा प्रश्न येतात : खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, शक्यतांचा अग्रक्रम ठरवा, उपाय सुचवा, कृती निवडा, परिणाम तपासा. ही सुधारणा आम्हांला स्वागतार्ह वाटते. तरी एक मर्यादा राहतेच. पडद्यावर 'रुग्ण बेचैन आहे' हे आधीच लिहिलेले असते. वॉर्डात ते कोणी लिहून देत नाही. वीस खाटांमधून ते हेरावे लागते. म्हणून प्रश्नसंच हा रुग्णाजवळच्या अनुभवाला पूरक ठरेल, त्याची जागा घेणार नाही.

आपल्या वर्गातही पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतातच. बरोबर उत्तरावर खूण झाली की आपण पुढे सरकतो. त्याऐवजी दोन गोष्टी करून पाहाव्यात : उरलेले तीन पर्याय का चूक, हे विद्यार्थ्यांना सांगायला लावावे, आणि प्रश्नातील एखादी बाब बदलून उत्तर बदलते का, ते विचारावे. दहा प्रश्नांऐवजी तीनच होतील. आमच्या मते तेवढे पुरेत.